परवाना कुणाच्या खिशात?

२०२४ च्या जुलै महिन्यात इटलीतल्या वेरोना प्रांतात तिथल्या वित्तीय पोलिसांनी ३३ भारतीय शेतमजुरांची सुटका केली. रोज दहा-बारा तास काम, तेही आठवड्याचे सातही दिवस. मजुरी तासाला चार युरो, आणि तीसुद्धा कर्जापोटी वळती होणारी. पासपोर्ट काढून घेतलेले. त्यांना तिकडे नेणारे दोन मुकादमही भारतीयच होते. माणशी १७,००० युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं पंधरा लाख रुपयांच्या आसपास, असा सौदा ठरला होता. कुणी घरदार गहाण टाकून पैसे उभे केले, कुणी मुकादमाच्याच कर्जात उतरलं. पुढे कायमच्या परवान्याची आशा दाखवून त्यांच्याकडे आणखी १३,००० युरो मागितले गेले.

अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या डोक्यात बोटी आणि जंगलवाटा येतात. ही माणसं तशी गेली नव्हती. हंगामी शेतकामाचा परवाना आणि शिक्का मारलेला व्हिसा घेऊन ती विमानानं उतरली होती. इटलीच्या कायद्यानं परदेशी मजुराकडून जी कागदपत्रं मागितली, ती सगळी त्यांनी दिली होती. माझ्या मते या बातमीत सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. बेकायदा गेलेल्याचे हाल होतात, हे आपल्याला माहीत असतं, आणि त्यावर आपला उपदेशही ठरलेला असतो: रीतसर जा. पण रीतसर गेलेल्याचीही हीच गत होत असेल, तर रीत तपासून पाहायला हवी.

मला जे म्हणायचंय ते सुरुवातीलाच सांगतो. कामाचा परवाना मालकाच्या नावानं निघतो, मालकाच्या अर्जावर निघतो आणि मालकाच्या मर्जीवर टिकतो, तोवर तो मजुराचं संरक्षण करू शकत नाही. तो विकाऊ माल होतो आणि त्याचा बाजार भरतो. या बाजाराचा दोष एजंटाच्या हावेवर किंवा जाणाऱ्याच्या भाबडेपणावर ढकलून आपण मोकळे होतो. बाजार उभा केलाय तो कायद्याच्या रचनेनं.

ही रचना इटलीत कशी चालते, ते नीट पाहू. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला इटलीत मजुरी करायची तर दार जवळपास एकच आहे: ‘देक्रेतो फ्लुस्सी’, म्हणजे किती परदेशी कामगार येऊ द्यायचे हे ठरवणारा सरकारी हुकूम. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी मिळून ४ लाख ५२ हजार जागा ठरल्या. त्याच वेळी देशाची खरी गरज ८ लाख ३३ हजार माणसांची आहे, असा अंदाज सरकारनं स्वतःच मांडला होता. २०२६ ते २०२८ साठी जवळपास पाच लाख जागा आहेत. २०२४ साली इटलीत सुमारे ३ लाख ७० हजार मुलं जन्मली. एवढ्या मोठ्या देशात इतकी कमी मुलं जन्मतात, तेव्हा किवी तोडायला, म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला आणि गाईंच्या धारा काढायला बाहेरची माणसं लागणारच. तिथल्या सरकारलाही हे मान्य आहे. कोट्याचे आकडे वाढत गेले ते स्थलांतराला विरोध करून निवडून आलेल्या पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांच्याच कारकिर्दीत.

या जागांसाठी अर्ज मजूर करू शकत नाही. तो मालकानं करायचा. काम हंगामी नसेल तर आधी स्थानिक रोजगार केंद्राकडे विचारायचं की या कामाला इथला कुणी आहे का. नसेल तर प्रांताच्या प्रेफेत्तुरामधल्या, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रांतातल्या कचेरीतल्या, इमिग्रेशन खिडकीकडे ऑनलाइन अर्ज भरायचा. अर्ज उघडण्याचा दिवस आणि वेळ ठरलेली असते; त्या दिवसाला तिथे ‘क्लिक डे’ म्हणतात. घड्याळात नऊ वाजले की पाठवा. जो आधी पोचेल त्याचा विचार आधी. २७ मार्च २०२३ ला ८२,७०५ जागांसाठी असा दिवस झाला, आणि काही तासांत दोन लाखांहून जास्त अर्ज आले. कोणत्या शेतकऱ्याला खरोखर माणूस हवाय, कोणत्या मजुराला काम येतं, कुणाच्या कुटुंबाला किती निकड आहे, यातलं काहीच त्या घड्याळाला कळत नाही. देशाचं मनुष्यबळाचं धोरण इंटरनेटच्या वेगावर सोडून दिलेलं आहे.

अर्ज लागला तर ‘नुल्ला ओस्ता’ मिळतो. याचा अर्थ हा माणूस यायला हरकत नाही, असं सरकारी पत्र. ते आपल्याकडच्या वकिलातीत येतं, मग व्हिसा मिळतो. इटलीत उतरल्यावर ठरलेल्या मुदतीत त्या मालकाशी राहण्याच्या करारावर सही करायची आणि राहण्याच्या परवान्यासाठी पोस्टात जायचं. पोस्टातून एक जाडजूड पाकीट मिळतं, त्यात फॉर्म भरायचा. सोळा युरोंचं महसुली तिकीट, पोस्टाचे तीस, कार्डाचे तीस युरो सेहेचाळीस सेंट, आणि वर्षभरापर्यंतच्या परवान्याला चाळीस युरो. म्हणजे सगळे मिळून १२० युरोंच्याही आत. मग पोलीस मुख्यालयात बोटांचे ठसे. तोवर हातात फक्त पोस्टाची पावती असते. घडी घालून, प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली ही पावती घेऊन माणसं महिनोन्‌महिने फिरतात. घर भाड्यानं घेताना, बँकेत, रस्त्यात पोलिसांनी अडवल्यावर, सगळीकडे तीच पुढे करायची.

एकीकडे सरकारी खर्च १२० युरोंच्या आत, दुसरीकडे माणशी १७,००० युरो. मधला हा सगळा पैसा कशाचा? तो मालकाच्या सहीचा आहे. ती सही ज्याच्या हातात, तो तिला भाव लावणार. सही देणारा शेतकरी खरा असायलाही हवाच असं नाही. एखादी नावापुरती कंपनी असली तरी भागतं. ४ जून २०२४ ला मेलोनी यांनी मंत्रिमंडळात हेच मांडलं आणि माफियाविरोधी राष्ट्रीय अभियोक्त्याकडे कागदपत्रं दिली. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये आलेल्या २ लाख ८२ हजार अर्जांपैकी १ लाख ५७ हजार एकट्या कांपानिया विभागातून आले होते. शेतीत कांपानियाच्या कितीतरी पुढे असलेल्या पुल्यातून मात्र फक्त २० हजार. आणि कांपानियात परवाना घेऊन उतरलेल्यांपैकी तीन टक्क्यांपेक्षाही कमी लोकांचा कामाचा करार झाला. शंभरातल्या उरलेल्या सत्त्याण्णव जणांच्या बाजूनं हा आकडा वाचून पाहा. ते विमानतळावर उतरले, तिथे मालक नव्हता. किंवा होता, पण फोन उचलत नव्हता. मुदत उलटली. करार नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून कायदेशीर काम नाही. घरी कर्जाचं व्याज चालू. कायद्याच्या दारातून आत आलेला माणूस पंधरवड्यात बेकायदा झाला, आणि त्याचा स्वतःचा त्यात एकही गुन्हा नव्हता.

‘एरो स्त्रानिएरो’ ही तिथल्या नागरी संघटनांची मोहीम दरवर्षी हा हिशेब मांडते. तिच्या पाहणीप्रमाणे २०२३ च्या कोट्यातल्या जागांपैकी चौथ्या हिश्शापेक्षाही कमी जागांचं शेवटी राहण्याच्या परवान्यात रूपांतर झालं. कुठल्याही सरकारी योजनेचा असा निकाल लागला असता तर ती बंद झाली असती. ही चालू आहे, कारण तिच्या अपयशाची किंमत मोजणारे लोक मतदार नाहीत.

आता या रचनेच्या मुळाशी जी कल्पना आहे, ती तपासू. कायदा असं धरून चालतो की रोमच्या दक्षिणेला लातिनाजवळच्या एखाद्या शेतकऱ्याला माणूस हवा असतो, तेव्हा तो जालंधरमधल्या कधीही न पाहिलेल्या तरुणाची निवड करतो, त्याच्यासाठी अर्ज भरतो, महिनोन्‌महिने वाट पाहतो आणि हंगाम सुरू व्हायच्या आत त्याला बोलावून घेतो. शेती अशी चालत नाही, हे नगरच्या कांदा उत्पादकालाही माहीत आहे आणि लातिनाच्या किवी उत्पादकालाही. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवा असलेला माणूस बहुतेकदा तिथेच, त्याच्याच शेतावर, कागदांशिवाय काम करत असतो. मालक त्याच्या नावानं अर्ज टाकतो, माणूस गुपचूप पंजाबला परत येतो, वकिलातीतून व्हिसा घेतो आणि पहिल्यांदाच येतोय अशा थाटात पुन्हा त्याच शेतावर जातो. इटलीत स्थलांतरावर काम करणारे वकील आणि अभ्यासक हे उघड बोलतात. सरकारलाही ठाऊक आहे. तरी कायद्यातली कल्पना तशीच राहिली आहे.

असं नेहमीच नव्हतं. १९९८ च्या कायद्यात काम शोधायला येण्याचा एक मार्ग होता. एखादा नागरिक, संस्था किंवा प्रांतिक सरकार परदेशी माणसाच्या राहण्या-खाण्याची हमी देई, त्यावर त्या माणसाला वर्षभराचा परवाना मिळे, आणि त्या वर्षात त्यानं समोरासमोर मालक पाहून काम धरायचं. २००२ च्या बोस्सी-फीनी कायद्यानं हा मार्ग बंद केला आणि राहण्याचा परवाना नोकरीच्या कराराशी घट्ट बांधला. त्यानंतरच्या दोन दशकांहून जास्त काळात त्या कायद्याला ठिगळं बरीच लागली, पण हा मूळ सांधा कुणी सोडवला नाही.

न्यायानं बोलायचं तर एक गोष्ट मान्य करायला हवी. परवाना एकदा हातात पडला आणि पुढे नोकरी गेली, तर हंगामी नसलेल्या कामगाराला वर्षभर दुसरं काम शोधायची मुभा कायदा देतो. म्हणजे कागदावर मालक बदलता येतो. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली सुरुवातीलाच: पहिला करारच झाला नाही तर ही मुभा लागू व्हायला पायाच नाही. दुसरी नूतनीकरणाच्या वेळी. तेव्हा वर्षभराचं किमान उत्पन्न दाखवावं लागतं, आणि ते मालकानं नोंदवलेलं असावं लागतं. लातिनाच्या पट्ट्यात महिनाभर राबवून घेऊन पगारपत्रकावर चार-पाच दिवस दाखवायची पद्धत जुनी आहे. बाकीचे पैसे रोख, कमी दरानं. ज्याचे दिवस कागदावर नाहीत त्याचं उत्पन्न नाही, आणि ज्याचं उत्पन्न नाही त्याचा परवाना पुढे सरकत नाही. मग काही ठिकाणी मजूरच मालकाला पैसे देऊन आपले दिवस नोंदवून घेतो. आपण केलेल्या कामाचा पुरावा आपणच विकत घ्यायचा! मुकादमाची उचल फेडता-फेडता बीडच्या ऊसतोड कुटुंबाचा हंगाम सरतो आणि पुढच्या उचलीला ते आपसूक बांधलं जातं. लातिनातल्या मजुराच्या बाबतीत पैशाच्या जोडीला परवान्याचीही अशीच उचल असते, आणि ती फिटली नाही तर देश सोडावा लागतो.

लातिनाचा हा पट्टा एकेकाळी दलदल होता. मुसोलिनीच्या काळात, १९३० च्या दशकात, तिथलं पाणी उपसून जमीन काढली गेली आणि उत्तर इटलीतल्या गरीब शेतकरी कुटुंबांना तिथे वसवलं. आज त्याच जमिनीवर, प्लास्टिकच्या लांबलचक बोगद्यांत, मुळे आणि झुकिनी काढायला हजारो पंजाबी वाकलेले दिसतात. १८ एप्रिल २०१६ ला याच मजुरांनी काम बंद ठेवून लातिनाच्या चौकात मोर्चा आणला. त्यांच्यात वर्षानुवर्षं राहून अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ मार्को ओमिझ्झोलो यांच्या लेखनामुळे ही वस्ती इटालियन वाचकांना कळली. २०१६ मध्येच इटलीनं मुकादमीविरुद्धचा कायदा कडक केला: माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला पिळणाऱ्या मुकादमाला आणि मालकालाही एक ते सहा वर्षं कैद.

कायदा चांगला आहे. तरी जून २०२४ मध्ये याच लातिनाजवळ एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी त्याच्या घरासमोर आणून सोडलं गेलं, आणि तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवलेला होता. दोन दिवसांनी रोमच्या इस्पितळात तो मरण पावला. वय ३१. त्याच्याकडे कागद नव्हते. कामगारमंत्री मारिना काल्देरोने यांनी संसदेत या कृत्याला रानटी म्हटलं, मोर्चे निघाले, छापे पडले. त्या रागाच्या लाटेत एक चांगली तरतूद झाली: पिळवणुकीची तक्रार करणाऱ्या मजुराला स्वतंत्र परवाना, तेव्हाच्या तरतुदीप्रमाणे सुरुवातीला सहा महिन्यांचा, पुढे वाढवता येणारा. ही तरतूद मला महत्त्वाची वाटते, कारण इथे परवाना मालकाच्या अर्जाशिवाय, मजुराच्या स्वतःच्या शब्दावर मिळतो. पण तो मिळण्यासाठी आधी गुन्हा घडावा लागतो, आणि तो सिद्ध होईल अशा बेतानं पोलिसांत बोलावं लागतं. ज्याला तिथली भाषा येत नाही, ज्याच्या गावातला मुकादम ज्याच्या बापाचं घर ओळखतो, त्याला हे बोलणं किती जड जातं याची कल्पना आपण करू शकतो.

इटलीनं २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, कागद नसलेल्यांना नियमित करण्याची संधी दिली होती. तेव्हा साधारण २ लाख ७ हजार अर्ज आले. त्यातले शेतीतले तीसेक हजारच. पिकं शेतात उभी, मजूर मिळेना म्हणून गाजावाजा झाला होता, आणि तरी शेतीतून एवढेच अर्ज. कारण मुख्य मार्गात अर्ज मालकानंच करायचा होता, आणि बिनकागदाचा मजूर ज्याला स्वस्त पडतो तो त्याला कागद कशासाठी मिळवून देईल?

आता विरोधातले मुद्दे घेऊ. ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा मालकाचा. मी अर्जाचा खर्च केला, वाट पाहिली, राहायला खोली दिली, आणि माणूस पंधरा दिवसांत शेजारच्या शेतावर गेला तर माझं काय? हे नुकसान खरं आहे. पण माणूस टिकवायचा उपाय इटलीतच सापडतो. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात, क्रेमोना आणि रेज्जो एमिलियाच्या गोठ्यांत, पंजाबी माणसं कित्येक वर्षं धारा काढताहेत. दिवसातून दोनदा, पहिली पाळी मध्यरात्र उलटल्यावर सुरू होते. पार्मेजानो आणि ग्राना पादानो या जगप्रसिद्ध चीजसाठी लागणाऱ्या दुधात त्यांचा मोठा वाटा आहे. ही माणसं पळून गेली नाहीत. १९९० च्या मार्तेल्ली कायद्यानं आणि नंतरच्या नियमितीकरणांनी त्यांच्यातल्या अनेकांना कागद मिळाले, गोठ्याला लागून घर मिळालं, मुदत नसलेले करार झाले, कुटुंबं आली. २००० साली नोव्हेल्लारा गावात मोठा गुरुद्वारा उभा राहिला, त्याच्या उद्‌घाटनाला इटलीचे माजी पंतप्रधान रोमानो प्रोदी आले होते. तोच देश, तोच समाज, तसंच कष्टाचं काम. गाय वर्षभर दूध देते म्हणून नोकरी वर्षभराची, हा फरक आहेच. पण कागद पक्का असला की माणूस टिकतो, हेही तिथे दिसतं.

दुसरा मुद्दा स्थानिक मजुराचा: बाहेरची माणसं आली की मजुरी पडते. मला वाटतं, मजुरी पडते ती जाऊ न शकणाऱ्या माणसामुळे. ज्याला शेजारी पन्नास सेंट जास्त मिळाले तर उद्या तिकडे जाता येतं, त्याच्याशी मालकाला दराची बोलणी करावीच लागतात. ज्याचा परवाना मालकाच्या सहीवर आहे, त्याच्याशी करावी लागत नाहीत. बांधलेला मजूर शेजारच्या मोकळ्या मजुराचाही दर खाली ओढतो. तेव्हा इटालियन कामगार संघटनांनी परदेशी मजुराला मोकळं करण्याची मागणी केली तर त्यात त्यांच्या स्वतःच्या सभासदांचंही हित आहे.

तिसरा मुद्दा: मोकळं सोडलं तर सगळे जर्मनीला जातील. इटलीचा परवाना जर्मनीत काम करायला चालत नाही. जे जातात ते बेकायदा जातात, आणि त्यातले बरेच इटलीत मालक सापडला नाही म्हणून जातात.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागते. बांधलेला परवाना काय असतो, हे इटलीइतकं कुणालाच माहीत नसावं. १९४६ च्या जूनमध्ये इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला: इटलीनं ५० हजार माणसं बेल्जियमच्या कोळसा खाणीत पाठवायची, त्याबदल्यात इटलीला कोळसा मिळायचा. युद्धानंतरची उपासमार होती. गावोगावी गुलाबी रंगाची पत्रकं लागली, त्यात पगार होता, रजा होती, घर होतं. माणसं आगगाडीत बसून गेली आणि युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या बराकींत राहिली. परवाना फक्त खाणीचा. खाली उतरून घाबरलेला माणूस ‘मला दुसरं काम द्या’ म्हणाला तर त्याला ब्रसेल्समधल्या पेती-शातो या बराकीत डांबून परत धाडलं जाई. काही वर्षं खाणीत काढल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावता येत नसे. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ माणसं मेली, त्यातली १३६ इटालियन. इटलीत आजही ८ ऑगस्ट हा परदेशात कामावर मेलेल्या इटालियनांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे.

पुढच्याच वर्षी रोमचा करार झाला, ज्यातून आजचा युरोपीय संघ वाढला. त्यात कामगारांना एका सभासद देशातून दुसऱ्यात मोकळेपणानं जाता यावं, यासाठी सगळ्यात जास्त आग्रह धरला तो इटलीनं. १९६८ पर्यंत ते प्रत्यक्षात आलं: इटालियन मजुराला बेल्जियममध्ये, जर्मनीत कामाच्या परवान्याची गरज उरली नाही. मालक पटला नाही तर दुसरा पाहायचा. या एका हक्कानं त्यांच्या लाखो लोकांचं आयुष्य बदललं. आपल्या माणसासाठी जे मागितलं, ते आपल्याकडे येणाऱ्याला तेवढंच्या तेवढं द्या, असं मी म्हणत नाही. कोटा ठरवणं हा कुठल्याही देशाचा हक्क आहे. पण कोट्यात बसवून आत घेतलेल्या माणसाला मालक निवडू द्या, एवढं तरी त्या इतिहासावरून मागता येतं.

या हक्कात किती ताकद आहे, हे गोव्यात पाहायला मिळतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता आलं. तो पासपोर्ट घेतलेला सालसेतचा तरुण मिलानला उतरला तर त्याला क्लिक डे नाही, नुल्ला ओस्ता नाही, मालकाचा अर्ज नाही. तीन महिन्यांवर राहायचं असेल तर नगरपालिकेत नाव नोंदवलं की झालं. हॉटेलात मालक पगार बुडवायला लागला तर तो संध्याकाळी ॲप्रन काढून ठेवतो आणि सकाळी दुसरीकडे जातो. त्याच हॉटेलात भांडी घासणारा कोटा-परवान्यावरचा भारतीय तसं करू धजत नाही. दोघांत कौशल्याचा फरक नाही, मेहनतीचा नाही. आजोबांचा जन्म कुणाच्या दप्तरात नोंदला गेला, एवढाच फरक आहे, आणि त्यावरून एकाला मान वर करून बोलता येतं.

आता आपल्या सरकारकडे वळतो, कारण सगळी जबाबदारी रोमची नाही. आपला परदेशगमन कायदा १९८३ चा. त्याप्रमाणे माणसं बाहेर पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. वेरोनाच्या मजुरांकडून मागितलेली रक्कम याच्या पन्नासपट होते. शिवाय दहावी न झालेल्या मजुराचा करार सरकारी अधिकाऱ्यानं तपासण्याची जी सोय आहे, ती फक्त १८ देशांसाठी आहे. आखाती देश, मलेशिया, लिबिया वगैरे. इटली त्यात नाही. युरोप म्हणजे सुरक्षितच, तिथे जाणारा म्हणजे शिकलेलाच, असं त्या यादीमागे गृहीत आहे. लातिनाच्या बोगद्यांत हे गृहीतक टिकत नाही.

भूमध्य समुद्रातच पाण्यावर काम करणाऱ्या भारतीयाला मात्र आपण वेगळी वागणूक देतो. जेनोवाहून, बार्सेलोनाहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांवर गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, आहेत, कोकणातली मुलं आहेत, मुंबई-वसईचे स्वयंपाकी आहेत. खलाशांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक असे मोजके खर्च सोडून बाकी सगळं मालकाचं. एजंटाला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. जहाजमालकानं वाऱ्यावर सोडलं तर घरी परत आणण्याची आर्थिक हमी आधीच भरलेली असावी लागते. फसवणूक तिथेही होते, बनावट एजंटांच्या बातम्या नवी मुंबईतून येत असतात. पण फसलेल्या मुलाच्या बापाला बोट ठेवायला कलम असतं. एकाच घरातला एक भाऊ जहाजावर चढतो आणि दुसरा त्याच समुद्राच्या काठावर द्राक्षं तोडायला जातो. पहिल्याकडून पैसे घेणं गुन्हा, आणि दुसऱ्याच्या बाबतीत त्याला सगळे ‘खर्च’ म्हणतात. इटलीनं खासगी रोजगार संस्थांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८१ क्रमांकाचा करार २००० सालीच स्वीकारलाय, त्यात कामगाराकडून शुल्क न घेण्याचं तत्त्व आहे. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही.

हे बदलायला नवं व्यासपीठ शोधायची गरज नाही. २ नोव्हेंबर २०२३ ला रोममध्ये भारत आणि इटली यांच्यात स्थलांतराचा करार झाला. त्यात बिगरहंगामी कामासाठी भारतीयांना २०२३, २०२४ आणि २०२५ या वर्षांत अनुक्रमे ५,०००, ६,००० आणि ७,००० जागांची, आणि हंगामी कामासाठी ३,०००, ४,००० आणि ५,००० जागांची तजवीज होती. करार पाच वर्षांचा आहे आणि आपोआप पुढे चालू राहतो. त्यावर देखरेख करायला दोन्ही देशांचा संयुक्त कार्यगट आहे. बातम्यांत या कराराचं कौतुक झालं ते जागांच्या आकड्यांवरून. जागा किती, यापेक्षा त्या कुणाच्या नावानं, हा प्रश्न आपल्या बाजूनं विचारला जायला हवा होता.

त्या कार्यगटापुढे भारतानं तीन मागण्या ठेवाव्यात, असं मला वाटतं. भारतासाठी राखलेल्या जागांचा काही हिस्सा मालकाच्या अर्जाऐवजी थेट कामगाराच्या नावानं द्यावा. १९९८ च्या कायद्यात होता तसा, वर्षभर काम शोधण्याचा. त्यासाठी तिथली भाषा शिकलेल्या आणि हुन्नर असलेल्या माणसांची यादी भारतानं करावी, आणि मालकांनी त्यातून माणूस निवडावा. दुसरी मागणी अशी की मालक आलाच नाही, तर उतरलेल्या मजुराला आपोआप, कुठल्याही अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता, दुसरा मालक शोधायला मुदत मिळावी. ज्याच्या नावानं परवाना निघाला त्या कंपनीची चौकशी वेगळी चालू द्या. आणि तिसरी, खलाशाला लागू असलेला नियम शेतमजुरालाही लावावा: नोकरी लावण्याचे पैसे मालक देईल. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीला इटलीच्या कोट्यात एक जागासुद्धा वाढवावी लागत नाही, तेव्हा तिथल्या कुठल्याही पक्षाला त्यावर निवडणूक लढवायची भीती नको. कार्यगटाच्या पुढच्या बैठकीत भारताच्या बाजूनं विषयपत्रिकेवर हे तीन मुद्दे यावेत, आणि ते आले की नाही हे खासदारांनी संसदेत विचारावं. पंजाबच्या खासदारांनी तर विचारावंच, पण ज्यांच्या मतदारसंघातली मुलं आता क्रोएशिया, माल्टा आणि ग्रीसच्या जाहिराती मोबाइलवर पाहताहेत, त्या महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या खासदारांनीही विचारावं.